चेल्टनहॅमची मेअर्स चेस पहिल्यांदा बघताना

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात चेल्टनहॅम नावाचं गाव आहे. दर मार्चच्या मध्यावर तिथे अडथळ्यांच्या शर्यतींचा वर्षातला सगळ्यात मोठा मेळा भरतो. मंगळवार ते शुक्रवार, रोज सात, अशा एकूण 28 शर्यती. शुक्रवार हा गोल्ड कपचा, म्हणजे मेळ्यातल्या सगळ्यात मानाच्या शर्यतीचा दिवस, आणि त्याच दिवशी मेअर्स चेस ही फक्त मेअरची, म्हणजे मादी जनावरांची, स्टीपलचेस (उंच कुंपणांवरून उड्यांची शर्यत) असते. उड्यांच्या शर्यतींशी पहिली ओळख करून घ्यायला मी लोकांना गोल्ड कपऐवजी हीच शर्यत सुचवते. मैदान तेच, कुंपणं तीच, चढही तोच. फक्त गर्दी आणि गवगवा थोडा कमी असतो, त्यामुळे नवख्या माणसाला नीट बघता येतं.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस बघितलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल आणि काही गोष्टी पार उलट्या वाटतील. आपल्याकडे सगळ्या शर्यती सपाटीवरच्या. इंडियन डर्बी 2,400 मीटरची, अडीच मिनिटांच्या आसपास संपणारी. मेअर्स चेस सव्वाचार हजार मीटरला थोडी कमी, जवळपास 4,140 मीटरची. वाटेत सोळा-सतरा कुंपणं, आणि संपायला पाच मिनिटांहून जास्त वेळ. आपल्याकडे घोडे स्टार्टिंग गेटमधून सुटतात. इथे गेट नसतो. घोड्या गोल फिरत राहतात, मग चालत पुढे येतात आणि दोरीसारखी पट्टी उघडली की सुटतात.

शर्यत कुठली आणि कोणासाठी

ही शर्यत 2021 मध्ये ग्रेड 2 दर्जाची म्हणून सुरू झाली. पाच वर्षं आणि त्यापुढच्या मेअरसाठी ती असते. पहिल्याच वर्षी कोविडमुळे मैदानात प्रेक्षकच नव्हते, त्यामुळे कोलरीवी नावाची पहिली विजेती रिकाम्या स्टँडसमोर जिंकली.

वयाबद्दल एवढं लक्षात ठेवा. चार वर्षांपर्यंतची ती फिली, पाचव्या वर्षापासून मेअर. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेडांचा, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांचा, वाढदिवस 1 जानेवारीला धरतात, मग शिंगरू एप्रिलमध्ये जन्मलेलं का असेना. चेल्टनहॅमच्या या शर्यतीत पाचची अट असल्याने सगळ्याच मेअर. फिली आणि मेअर दोघींना एकत्र सोडणाऱ्या शर्यती हर्डल्समध्ये जास्त दिसतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या फार हिल्सला होणारी पीपॅक ही हर्डल शर्यत तशीच.

हर्डल आणि चेस यांत गल्लत करू नका. हर्डलचे अडथळे हलके आणि बुटके असतात, धक्का लागला की वाकतात. चेसचं साधं कुंपण निदान साडेचार फुटांचं, बर्चच्या काड्या घट्ट बांधून केलेलं. त्यात घोडी चुकली तर तिचा वेग, तोल आणि दम तिन्ही जातात. ब्रिटिश नियमांप्रमाणे पहिल्या दोन मैलांत निदान बारा कुंपणं हवीत, पुढच्या प्रत्येक मैलाला निदान सहा, आणि मैलामागे एक तरी ओपन डिच, म्हणजे उडी घेण्याच्या बाजूला चर असलेलं कुंपण.

मेअरसाठी वेगळी शर्यत कशासाठी

हा भाग समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण या शर्यतीचा खरा अर्थ इथेच आहे.

अडथळ्यांच्या शर्यतींत धावणारे नर जवळजवळ सगळे खच्ची केलेले असतात. कित्येक वर्षं शांतपणे कष्ट घ्यावेत, अंगाने फार जड होऊ नयेत म्हणून ते केलं जातं. त्याचा परिणाम असा की नराने गोल्ड कप जिंकला तरी त्याचं रक्त पुढे जात नाही. घोडी मात्र शर्यती संपवून स्टड फार्मवर, म्हणजे पैदाशीच्या जागी जाते आणि तिचं धाडस, तिची उडी, तिचा दम पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता असते.

एक उदाहरण बघा. मार्च 2024 मध्ये गुरुवारी इनोदवेयुअरथिंकिन नावाच्या घोड्याने चेल्टनहॅमला किम म्युर ही शर्यत जिंकली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याच्या सख्ख्या बहिणीने, लिमरिक लेसने, मेअर्स चेस जिंकली. बाप वॉक इन द पार्क, आई स्वे. दोघांचा ट्रेनर गॅव्हिन क्रॉमवेल, दोघांचे मालक जे. पी. मॅकमॅनस. पुढच्याच वर्षी, 2025 ला, भावाने सलग तिसऱ्या गोल्ड कपच्या आशेने आलेल्या गॅलोपिन दे शॉंला हरवून गोल्ड कप उचलला. कीर्ती भावाची मोठी. पण तो गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला नर आहे, त्याचा वंश त्याच्यापाशीच थांबतो. स्वेचं रक्त पुढे न्यायचं ते लिमरिक लेसने.

असं असूनही पूर्वी उड्यांसाठी पैदा केलेल्या फिलीला बाजारात भाव कमी मिळायचा आणि ट्रेनरकडे जागाही सहज मिळत नसे. नरांशी टक्कर देऊन बक्षीस मिळवणं कठीण, मग खर्च कोण करणार? म्हणून खास मेअरच्या शर्यती वाढवल्या गेल्या. चेल्टनहॅमला 2008 मध्ये मेअर्स हर्डल आली आणि क्वेवेगाने ती 2009 ते 2014 अशी सलग सहा वर्षं जिंकली. हनीसकलने 2020 मध्ये तीच जिंकून पुढची दोन वर्षं चॅम्पियन हर्डलमध्ये नरांना हरवलं, आणि 2023 मध्ये परत मेअर्स हर्डल जिंकून निवृत्त झाली. चेसमधली पोकळी मात्र 2021 पर्यंत तशीच होती.

काहींना वाटतं की अशा शर्यतींमुळे चांगल्या घोड्या नरांसमोर जायचं टाळतात. मुद्दा खोटा नाही. नरांबरोबर धावताना मेअरला सात पौंड, म्हणजे सव्वातीन किलोंच्या जवळपास, वजनाची सूट मिळते आणि तेवढ्यावर काहीजणी गुरुवारच्या रायनएअर चेसमध्येही टिकल्या असत्या. तरी माझं मत या शर्यतीच्या बाजूने आहे. गोल्ड कप आजवर चारच मेअरनी जिंकला: 1925 मध्ये बॅलिनोड, 1958 मध्ये कर्स्टिन, 1972 मध्ये ग्लेनकॅरिग लेडी आणि 1986 मध्ये डॉन रन. ग्रँड नॅशनल ही ब्रिटनची सगळ्यात नावाजलेली स्टीपलचेस जिंकणारी शेवटची घोडी 1951 ची निकेल कॉइन. दुसरी डॉन रन हवी असेल तर आधी शेकडो फिलींना धावायची संधी मिळायला हवी.

डॉन रन ही चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप दोन्ही जिंकणारी एकमेव. गोल्ड कपनंतर काही महिन्यांतच फ्रान्समध्ये ओतय इथल्या शर्यतीत पडून ती गेली, मागे एकही शिंगरू न ठेवता. चेल्टनहॅमच्या पॅडॉकपाशी, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेपाशी, तिचा पुतळा आहे. मैदानात पोहोचलात की आधी तिथे जाऊन या.

जायचं की घरून बघायचं

मार्चमध्ये इंग्लंडची घड्याळं अजून पुढे सरकलेली नसतात, म्हणून भारतीय वेळ त्यांच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. 2025 मध्ये मेअर्स चेस दुपारी 2.40 ला होती, म्हणजे आपल्याकडे रात्री 8.10. क्रम अधूनमधून बदलतो, तेव्हा त्या आठवड्याचं वेळापत्रक बघूनच बेत करा.

ब्रिटनमध्ये राहत असाल तर लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून चेल्टनहॅम स्पाला साधारण दोन तासांत गाडी पोहोचते, स्टेशनवरून मैदानापर्यंत बस मिळते. तिकीट काढताना एकच विचारा: या तिकिटावर पॅडॉकपाशी जाता येतं का? टॅटरसॉल्स या भागाच्या तिकिटावर येतं. समोरच्या बाजूचं बेस्ट मेट एन्क्लोजर स्वस्त आहे, पण तिथून पॅडॉक बघायला मिळत नाही, आणि या शर्यतीत पॅडॉक चुकवणं म्हणजे अर्धी शर्यत चुकवणं. क्लब या भागाचं तिकीट पहिल्या खेपेला लागत नाही. टीव्हीवर लोक टोप्या-कोट घालून मिरवताना दिसतात, पण नवख्याला खरी गरज असते ती चिखलात चालणाऱ्या बुटांची आणि वारा अडवणाऱ्या कोटाची. जवळच्या क्लीव्ह हिल टेकडीवरून येणारा वारा बोचरा असतो.

रेसकार्ड वाचा

रेसकार्ड म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींची छापील पुस्तिका. त्यात घोडीच्या नावाशेजारी आकड्यांची ओळ असते, ती डावीकडून उजवीकडे वाचायची. सगळ्यात उजवीकडचा आकडा ताज्या शर्यतीचा. 1 ते 9 म्हणजे त्या त्या क्रमांकावर आली, 0 म्हणजे पहिल्या नऊच्या बाहेर. आडवी रेघ म्हणजे तिथे एक मोसम संपला. चेसमध्ये आकड्यांपेक्षा अक्षरांकडे जास्त बघा. एफ म्हणजे पडली, यू म्हणजे जॉकी पाठीवरून गेला, बी म्हणजे दुसऱ्या घोड्यामुळे पडली, पी म्हणजे जॉकीने तिला मध्येच थांबवलं, आर म्हणजे तिने उडी घ्यायलाच नकार दिला. बी असेल तर सोडून द्या, तिचा काही दोष नसतो. गेल्या पाच-सहा शर्यतींत दोन एफ असतील तर चेल्टनहॅमच्या उतारावर तिसऱ्यांदा तेच होऊ शकतं.

वजन स्टोन आणि पौंडांत लिहिलेलं असतं. एक स्टोन म्हणजे 14 पौंड, आणि 11 स्टोन म्हणजे साधारण 70 किलो. आपल्या जॉकींच्या मानाने हे वजन बरंच जास्त आहे; उड्यांचे जॉकी उंच आणि भरलेले असतात. सात पौंडांची सूट इथे गैरलागू, कारण सगळ्याच मेअर. फरक पडतो तो आधीच्या मोठ्या विजयांबद्दल वाढवलेल्या वजनाचा.

मग मैदानाचा अंदाज. गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी असे शब्द दिसतील. पाऊस झाला की माती पाय धरते, आणि मग वेगापेक्षा दम महत्त्वाचा. प्रत्येक घोडीच्या जुन्या शर्यतींसमोर तेव्हाचं मैदान दिलेलं असतं. आजचं मैदान आणि तिने जिंकलेलं मैदान जुळतं का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात आणि त्यातून हाती बरंच लागतं.

आणखी एक सवय लावून घ्या: गेल्या वर्षी दुसरी कोण आली ते शोधा. 2021 मध्ये कोलरीवीने एलिमेला थोडक्यात हरवलं आणि पुढच्या वर्षी एलिमे जिंकली. 2024 मध्ये लिमरिक लेसच्या मागे डायनोब्लू दुसरी होती, 2025 मध्ये ती पहिली. मधल्या 2023 मध्ये इम्पर्व्हियस जिंकली. या पाचही विजेत्या आयर्लंडच्या तबेल्यांतून आलेल्या, त्यातल्या तीन ट्रेनर विली मलिन्स यांच्या. गोल्ड कप जिंकणाऱ्या डॉन रनचे ट्रेनर पॅडी मलिन्स हे विलींचे वडील.

रंगांबद्दल सावध राहा. मॅकमॅनस यांचा हिरव्यावर सोनेरी पट्ट्यांचा पोशाख या शर्यतीत एकापेक्षा जास्त पाठींवर दिसू शकतो. 2024 मध्ये पहिल्या दोन्ही घोड्या त्यांच्याच होत्या. अशा वेळी ओळख टोपीवरून. पहिल्या पसंतीच्या जॉकीला पांढरी टोपी असते, बाकीच्यांना वेगळ्या रंगाच्या. शर्यतीआधी टोप्यांचे रंग कार्डावर लिहून ठेवा, धावताना कार्डात डोकं घालायला वेळ नसतो.

पॅडॉकमध्ये काय बघायचं

शर्यतीच्या वीस मिनिटं आधी कठड्याशी उभे राहा आणि एकच घोडी निवडून तिला दोन फेऱ्या पूर्ण बघा. सगळ्या एकदम बघायला गेलात तर एकही नीट दिसत नाही.

आधी चाल. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे पडतो का? तसा पडत असेल तर पाऊल मोकळं आहे. मग पाठीमागून पुठ्ठे बघा. उडीचं बळ तिथून येतं. थंडीतून बाहेर पडलेल्या घोडीच्या अंगावर मार्चमध्ये थोडी लव असते, तिने घाबरू नका, पण कातडीखालून तुकतुकी दिसायला हवी. मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आला असेल आणि मोतद्दार दोन्ही हातांनी लगाम ओढत असेल, तर तिची ताकद पॅडॉकमध्येच खर्च होते आहे. नुसता घाम आला म्हणून लगेच बाद करू नका. काही घोड्या दर वेळी घामाघूम होतात आणि जिंकतात.

घोड्यांच्या बाबतीत एक गोष्ट नरांपेक्षा वेगळी असते. दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येतात, आणि मार्च हा नेमका त्या सुरुवातीचा महिना. शेपटी सारखी झटकणं, कान मागे टाकणं, दुसरी घोडी जवळ आली की किंचाळून लाथ उगारणं, अशा खुणा दिसतात. ट्रेनर मंडळी तिचं हे चक्र लक्षात ठेवूनच शर्यती आखतात. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली तर ती लाथ मारते असं समजा आणि मागून जाऊ नका.

एखादी घोडी गाभण असूनही धावताना दिसेल. नियमानुसार 120 दिवसांपर्यंत त्याला परवानगी आहे, आणि पुष्कळ मेअर आपला शेवटचा मोसम अशाच धावून संपवतात.

पाच मिनिटं कशी बघायची

सुरुवातीला कोण पुढे आहे याकडे दुर्लक्ष करा. पहिल्या तीन कुंपणांवर फक्त उडी बघा. चांगली घोडी कुंपणाच्या तीन-चार ढांगा आधी कान टवकारते, अंतर मोजते आणि ढांग न तोडता उचलते. कच्ची घोडी जवळ गेल्यावर एक आखूड ढांग जास्त घालते, किंवा फार लांबून झेप घेते आणि पोट बर्चला घासत जाते. एकदा असं झालं तर चालतं. तीनदा झालं तर चढावर तिचा दम संपणार हे धरून चला.

या कुंपणांच्या पायथ्याची फळी पूर्वी नारिंगी असायची. घोड्याला नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही हे अभ्यासातून कळल्यावर 2022 पासून ब्रिटनमध्ये ती पांढरी करायला सुरुवात झाली.

शुक्रवारी चेल्टनहॅमच्या न्यू कोर्स या धावपट्टीवर शर्यती होतात. वळणं डावीकडची, सतत चढ-उतार. शेवटच्या फेरीत टेकडीवरून उतरताना शेवटून तिसरं कुंपण येतं, आणि नजर तिथेच ठेवा. वेग वाढलेला, उतार, दमलेले पाय, आणि जॉकीला जागा मिळवायची घाई. इथे जी संयमाने उडी घेते तिच्यात अजून काहीतरी शिल्लक असतं. मग डावीकडे वळून सरळ पट्टा, त्यावर दोन कुंपणं, आणि शेवटच्या उडीनंतर खडा चढ. सपाट मैदानावर तीन ढांगांची आघाडी पुरते. इथे तेवढ्या आघाडीवर कुणीच विसंबत नाही. स्टँडमध्ये असाल तर चढाच्या बाजूला उभे राहा, विजयखांबाला अगदी चिकटून नको. चढावर घोडीची ढांग आखूड होत जाताना तिथून दिसते.

जॉकीच्या हाताकडेही बघा. उड्यांच्या शर्यतीत चाबूक सातपेक्षा जास्त वेळा वापरला तर शिक्षा होते, आणि मर्यादा चार वेळा ओलांडली तर घोडीच बाद होते. हा नियम 2023 पासूनचा आहे आणि योग्य आहे.

घोडी पडली तर बहुतेक वेळा ती उठते आणि मोकळ्या रिकिबींनी बाकीच्यांबरोबर धावत राहते. कधी उठत नाही. मग पडदे लावले जातात आणि पुढच्या फेरीला ते कुंपण टाळून बाजूने वाट दिली जाते. हे प्रत्यक्ष बघणं जड जातं. लहान मुलांना बरोबर नेत असाल तर आधीच सांगून ठेवा.

पैसे लावायचेच असतील तर

ब्रिटनमध्ये वय 18 हवं. 5/2 असा भाव म्हणजे दोन पौंड लावले आणि जिंकले तर पाच नफा आणि दोन मूळचे, हातात सात. ईच-वे म्हणजे दोन पैजा: अर्धी जिंकण्यावर, अर्धी क्रमांकात येण्यावर. पाच पौंड ईच-वे म्हटलं की खिशातून दहा जातात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. आठ किंवा जास्त घोड्या असतील तर साधारणपणे पहिल्या तीन क्रमांकांना एक-पंचमांश भावाने पैसे मिळतात, पाच ते सात असतील तर पहिल्या दोनांनाच. ऐनवेळी एखादी घोडी मागे घेतली आणि आठाच्या सात झाल्या की तिसऱ्या क्रमांकाचे पैसे गेले. म्हणून शर्यतीआधी आकडा परत मोजा. भारतातून परदेशी बेटिंग ॲपवर पैसे लावणं कायद्यात बसत नाही, त्या वाटेला जाऊ नका. पैसे न लावताही ही शर्यत पुरेपूर बघता येते.

शर्यत संपल्यावर

लगेच निघू नका. खोगीर उतरवायच्या जागी जा. घोड्या वाफाळलेल्या येतात, मोतद्दार बादल्यांनी पाणी ओततात. हरलेल्या घोडीच्या मालकाशी जॉकी काय बोलतो ते कानावर पडलं तर ऐका. मैदान जड होतं, उडी लांब पडली, अंतर जास्त झालं अशी कारणं तिथे मिळतात आणि आयर्लंडमधल्या एप्रिलअखेरच्या पंचेसटाउन मेळ्यात ती परत धावली की कामी येतात.

रेसकार्ड फेकू नका. प्रत्येक घोडीच्या नावाखाली बाप आणि आई छापलेले असतात. पहिल्या तीन घोड्यांची नावं वेगळ्या वहीत उतरवून घ्या. यातली एखादी पुढच्या वर्षी स्टडवर गेली तर तिचं पहिलं शिंगरू साधारण पाच-सहा वर्षांनी हर्डलवर दिसू लागेल, आणि तेव्हा कार्डावर आईच्या जागी हे नाव असेल. 1943 ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीने जिंकली हे महालक्ष्मीचे जुने रेसवाले अजून सांगतात. अशी आठवण ठेवायची तर सुरुवात वहीपासून होते. नावासमोर वर्ष, मैदान कसं होतं आणि शेवटून तिसऱ्या कुंपणावर ती कशी उडाली, एवढं लिहा.